घोड्याचं रीळ

सिनेमा बघून आलेल्या माणसाला लोक काय विचारतात? गोष्ट कशी आहे, नटी कशी आहे, मारामारी आहे का नाही. आमचे व्यंकूअण्णा यातलं काहीच विचारत नसत. दुर्गदबैलाच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानाला लागून त्यांचं दोरे-गुंड्यांचं दुकान होतं. आदल्या दिवशी कोणी खेळ बघून आलाय एवढं कळायचा अवकाश, हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून ते फळीवरून वाकायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "एवढं सांगा, लेकरू आहे का त्यात?"

नाही म्हटलं की गडी खूश. आहे म्हटलं की सांगणाऱ्याची धडगत नसे. लेकरू केवढं? चालतंय का पाळण्यात आहे? आजारीबिजारी पडतं का? शेवटी धड असतं का? सांगणारा बिचारा नटीच्या डोळ्यांचं वर्णन करायला आलेला असायचा. तो वैतागून म्हणायचा, अहो, मी लेकराकडं बघितलंच नाही. त्यावर व्यंकूअण्णा त्याच्याकडे असं बघायचे की त्या माणसाला आपल्या हातून काही गुन्हा घडलाय असं वाटावं.

तेव्हा सिनेमा मुका होता. स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचं एक थेटर होतं. यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत लोक विड्या ओढायचे, चिरमुरे खायचे, एकमेकांच्या घरची चौकशी करायचे. पडद्याखाली पेटी आणि तबला. पडद्यावर उमटणारी अक्षरं सगळ्यांना कुठं वाचता येणार? म्हणून बाजूला हातात काठी घेऊन एक गृहस्थ उभे राहायचे आणि चाललेली गोष्ट मोठ्यानं कानडीत सांगायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता, आवाज तेवढा शाळेतला होता.

मला सिनेमाचं भारी वेड. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं लुगड्यांच्या घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या, त्या धंद्यात माणसाला दुसरा विरंगुळा काय असणार? नवा खेळ लागला की पहिल्याच दिवशी मी खुर्चीत. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत, माझ्या नशिबानं, व्यंकूअण्णा.

हा माणूस थेटरात बसायचा तो सुखानं बसायला आलेलाच नसायचा. खुर्ची दाराजवळचीच पाहिजे, कारण फिल्म पेट घेते. दाराची कडी आतून लागलेली नाही ना, हे स्वतः हात लावून बघायचं. चपला पायातच ठेवायच्या, पळायची वेळ आली तर त्या शोधत कोण बसणार? वर पत्रा कुरकुरला की वर बघायचं, मागं यंत्र खरखरलं की मागं बघायचं. पुढं पडद्याकडे बघायला त्यांना फुरसत मिळायची ती थोडीच.

त्यात पडद्यावर एखादं पोर आलं की माझा खेळ संपलाच म्हणायचा. "पाप, लेकरू," असं पुटपुटत ते माझं मनगट धरायचे; पाप म्हणजे कानडीत बिचारं. पोर जिन्यावरून उतरायला लागलं की पकड घट्ट. विहिरीच्या कडेनं गेलं की त्याहून घट्ट. पेटीवाल्यानं रडका सूर धरला की डोक्यावरची टोपी काढून ती दोन्ही डोळ्यांवर दाबायची आणि मला कोपरानं ढोसायचं, "झालं का? बापूराव, झालं का?" मग मी सांगायचं. झालं. गेलं. किंवा, वाचलं. टोपी पुन्हा डोक्यावर. खरं सांगतो, हळूहळू ही धास्ती मलाही लागली. पडद्यावर पाळणा दिसला की माझीच छाती धडधडू लागायची. रुपेरी सुख भोगायला आलेला मी, घामेजून घरी जायचा.

एवढं सोसून हा माणूस एकदाच बघून थांबेल तर ना! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तोच खेळ. त्या वेळी बरोबर त्यांची थोरली बहीण, तुंगाक्का.

तुंगाक्काला मी फार मानत असे. काळ्या काठाचं साधं इरकल नेसणारी, कमी बोलणारी बाई. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा होता, शिवू, तोही तापाच्या साथीत गेला. मी दुर्गदबैलात दुकान मांडायच्या आधीची ती गोष्ट, मला ऐकूनच माहीत. तेव्हापासून बहीणभाऊ कमरीपेठेत राहायचे. व्यंकूअण्णांनी लग्न केलंच नाही. विचारलं तर म्हणायचे, "अक्का आहे की घरात. आणखी कशाला कोणाला त्रास?"

तर तुंगाक्काला सिनेमाची आवड. आणि व्यंकूअण्णांचा सगळा खटाटोप त्यासाठी. पहिल्या दिवशी आपण बघून घ्यायचं, लेकरू कोणत्या रिळात मरतं ते पक्कं ध्यानात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आदल्या रिळानंतर दिवे लागले की उठायचं. "अक्का, चल. सोडा पिऊन येऊ." बाहेर गोटीसोड्याची गाडी असायची. तिथं उभं राहून ते घोट घोट सोडा प्यायचे, दारवानाला विचारत राहायचे आणि वाईट रीळ सरलं की अक्काला आत घेऊन यायचे. तुंगाक्का कधी नको म्हणायची नाही. थंडीतसुद्धा निमूट उठायची, सोडा प्यायची, यायची.

मी एकदा म्हटलं, "अहो, तिला कळत नसेल का? पोर होतं ते पुढच्या रिळात नाही."

"विचारत नाही की ती," व्यंकूअण्णा म्हणाले. "विचारलं तर सांगेन काहीतरी."

पेठेत ही गोष्ट लपून राहिली नव्हती. उलट त्यांचा एक दबदबाच झाला होता. घरची बारकी पोरं सिनेमाला न्यायची असली की लोक आधी त्यांच्या दुकानात येऊन विचारायचे. व्यंकूअण्णा गुंड्या निवडत निकाल द्यायचे. न्या. नेऊ नका. न्या, पण साप निघाला की डोळे झाका. त्यांच्या निकालावर कोणी अपील करत नसे.

एकदा एका सावकाराचा खेळ लागला. सावकार जहाजानं परदेशी जातो, मागं बायको आणि लहान मुलगा. एका रिळात मुलगा अंगणात लाकडी घोडा घेऊन खेळतो, हसतो, आईला घोड्यावर बस म्हणतो. पुढच्या रिळात त्याला ताप भरतो आणि तो जातो. त्याच्या पुढच्यात सावकार परत येतो. पहिल्या दिवशी तापाचं ते रीळ लागलं तेव्हा व्यंकूअण्णांनी माझं मनगट इतकं पिळलं की दुसऱ्या दिवशी मला गज धरून कापड मोजता येईना. टोपीमागून ते कितीतरी वेळ विचारत होते, झालं का, झालं का. पोर सावकाश जात होतं, मी तरी काय करणार?

बाहेर आल्यावर म्हणाले, "बापूराव, उद्या तुम्ही पण चला. घोड्याचं रीळ संपलं की उठायचं. माझं ध्यान चुकलं तर तुम्ही उठवा."

मी म्हटलं, तुमचं ध्यान आजवर कधी चुकलंय? पण चेहरा असा उतरला होता की जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दाराजवळ बसलो. मध्ये व्यंकूअण्णा, एका बाजूला तुंगाक्का, दुसऱ्या बाजूला मी. सावकार जहाजावर चढला, बायको रडली, दिवे लागले. व्यंकूअण्णा माझ्या कानात म्हणाले, आता घोडा. हे संपलं की उठायचं. दिवे गेले.

घोडा आला नाही.

पडद्यावर एकदम खाट दिसली. खाटेवर ते पोर, कपाळावर ओली पट्टी. वर यंत्राच्या खोलीत कोणी डबे इकडचे तिकडे केले होते, पुढचं रीळ आधी चढलं होतं. पेटीवाल्यानं रडका सूर धरला. मास्तरांनी काठी टेकली आणि कानडीत सांगायला लागले, पोराला ताप भरलाय, वैद्य मान हलवतोय.

मी व्यंकूअण्णांकडे बघितलं. ते उठायला हवे होते, पण उठेनात. टोपी मांडीवर होती, तीसुद्धा उचलेनात. डोळे उघडे, पडद्यावर खिळलेले, आणि दातखीळ बसावी तसं तोंड. मी वाकून तुंगाक्काला म्हटलं, "अक्का, बाहेर जाऊया. हे बघू नका."

तुंगाक्कानं आपला तळवा भावाच्या डोळ्यांवर ठेवला. सवयीनं ठेवावा तसा. आणि पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाली, "बसा बापूराव. मला बघू दे की. शिवू गेला तेव्हा मीही तापात होते, मला शुद्ध नव्हती. मी काही बघितलेलं नाही. बघितलं ते ह्यानं. ह्याच्याच मांडीवर गेलं पोर." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणून तर मी दरवेळी सोडा प्यायला उठते. मी उठले नाही तर हा एकटा कसला उठतोय?"

इतकी वर्षं मी समजत होतो की भाऊ बहिणीला सांभाळतोय.

ती बघत राहिली. पोरानं मान टाकली, आईनं हंबरडा फोडला, थेटरातल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. तुंगाक्का रडली नाही. नीट, सगळं बघितलं तिनं. हात मात्र भावाच्या डोळ्यांवरून काढला नाही आणि त्या हाताखालून पाणी गळत होतं ते मला दिसत होतं.

दिवे लागले. गेले. आणि पडद्यावर अंगण आलं, लाकडी घोडा आला आणि तेच पोर घोड्याची दोरी ओढत हसत धावत आलं.

थेटरात एकच गलका उडाला. शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. मेलेलं पोर उठलं रे, पैसे परत द्या. मास्तर बिचारे काठी हातात घेऊन गांगरून उभे. आत्ताच त्यांनी त्या पोराला गहिवरून निरोप दिला होता. पण माणूस हजरजबाबी. त्यांनी काठी आपटली आणि मोठ्यानं ओरडले, "अदु कनसु!" म्हणजे ते स्वप्न होतं. आईला तापाचं वाईट स्वप्न पडलं होतं, पोराला काही झालेलं नाही, बघा कसं खेळतंय. लोक हसले, तरी शिट्ट्या थांबेनात. कोणीतरी ओरडलं, बंद करा, नीट लावा.

तेव्हा तुंगाक्कानं हात काढला. "व्यंकू, बघ आता," ती म्हणाली. "उठलंय ते."

व्यंकूअण्णांनी बघितलं. पोर आईला घोड्यावर बस म्हणत होतं. आणि हा जन्मात आवाज न चढवलेला माणूस एकदम उभा राहिला, मागं यंत्राच्या खोलीकडं वळून ओरडला, "बंद करू नका! चालू दे!" गिऱ्हाइकाशीही कुजबुजत बोलणारे व्यंकूअण्णा ओरडलेले बघून अर्धं थेटर गप्प झालं. ते खाली बसले. टोपी डोक्यावर घातली आणि ते रीळ त्यांनी शेवटापर्यंत बघितलं. माझं मनगट त्या दिवशी मोकळं होतं.

पुढं सावकार परत आला. दारातच बायको त्याच्या पायाशी कोसळून रडू लागली. घरात पोर नाही. आता आली का पंचाईत? लोक मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी घाम पुसला. आनंदाचे अश्रू आहेत, ते म्हणाले. आणि पोर कुठं म्हणाल, तर पोर मामाच्या घरी गेलंय. मामा त्याला फार जपतो.

लोक पोट धरून हसले. आमच्या खुर्च्यांमध्ये कोणी हसलं नाही. तुंगाक्कानं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

बाहेर आल्यावर सोडा मी पाजला. मग दोघांना टांग्यात बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि दाजीबानपेठेतला एक शिंपी त्यांच्याकडे दोऱ्यासाठी आला. मी आपल्या गादीवर बसून ऐकत होतो. शिंप्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, सावकाराच्या खेळाला बारकी पोरं नेऊ का? लेकरू आहे म्हणे त्यात.

त्या संध्याकाळी रिळं नीट लागणार होती. मास्तरांना पुन्हा खरं सांगावं लागणार होतं.

व्यंकूअण्णा दोऱ्याची गुंडाळी कागदात बांधत होते. सावकाश म्हणाले, "न्या की. फक्त घोड्याचं रीळ संपलं की उठा. पोरांना सोडा पाजा, आणि मग आत येऊन बसा."

"आणि मधलं?" शिंप्यानं विचारलं.

"मधलं कनसु असतंय. ते बघायचं कारण नाही."

"मग लेकरू शेवटी धड असतं म्हणा."

"असतंय की," व्यंकूअण्णा म्हणाले. "मामाकडं असतंय." आणि पुडी शिंप्याच्या हातात देऊन पुढच्या गिऱ्हाइकाच्या गुंड्या काढायला वळले.