शहर दिसलं पाहिजे

"शैलेंद्र, आज दुपारपर्यंत मोरखेडीत एकही म्हैस दिसायला नको," यज्ञेश्वर तारे गोठ्यासमोर अक्षरशः हात जोडून म्हणाले.

शैलेंद्र पाटीदारने दुधाची बालटी खाली ठेवली. "तारे साब, भैंस है, मोबाइल थोड़ी है कि जेब में रख लूँ!"

"अरे, भोपाळहून मॅडम येताहेत. गाव शहरासारखं दिसतं की नाही, ते बघायला. आणि चौकात तुझी मंडळी रवंथ करत बसलेली दिसली तर झालंच आपलं शहर!"

तारे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा शहरातला, फ्रीगंजमधला फ्लॅट सोडून मोकळ्या हवेसाठी मोरखेडीला राहायला आले. हवा मोकळी होती, आणि घरातले नळही मोकळेच होते. पुढे शेतं जाऊन कॉलन्या आल्या, कोचिंग क्लास आले, जिम आली, एकाच गल्लीत तीन ब्यूटी पार्लरं झाली. कारभार मात्र पंचायतीचाच राहिला आणि पाणी टँकरचंच. टँकर उभा राहायचा पार शाळेपाशी. तिथून बादल्या आणताना त्यांच्या बायकोचे, जयूताईंचे, गुडघे करकरायचे. ताऱ्यांनी दोन बादल्या उचलल्या की त्यांची कंबर धरायची, मग जयूताईंना पाणीही आणावं लागायचं आणि कंबरही शेकावी लागायची. नगर परिषद झाली की घरातल्या नळाला पाणी येईल, या एका आशेवर ताऱ्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, भोपाळच्या चकरा मारल्या होत्या. लोकसंख्या तर केव्हाच भरली होती. आता फक्त 'शहरी स्वरूप' सिद्ध व्हायचं राहिलं होतं.

"जयूच्या गुडघ्यांचा विचार कर रे," तारे म्हणाले.

शैलेंद्र तिथंच विरघळला. त्याच्या मुलीला गणितात जयूताईंनीच शिकवून पास केलं होतं. "भाभीजी के लिए तो भैंस क्या, मैं खुद छुप जाऊँ," असं म्हणून त्याने सगळ्या म्हशी तळ्यामागच्या माळावर हाकलल्या.

तारे घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच सरपंच अंबिकाबाईंचा फोन आला. "भाई साहब, सिंहस्थ के काम में मेन रोड खुदी पड़ी है. मॅडम तालाब वाले रास्ते से आ रही हैं!"

ताऱ्यांनी कप तसाच खाली ठेवला. म्हणजे मॅडमचं स्वागत थेट म्हशीच करणार! त्यांनी शैलेंद्रला फोन लावला, "परत आण! सगळ्या परत आण!"

"लाऊँ कहाँ? गोठा तो चौक के सामने ही है."

उंच भिंतीचं आणि मोठ्या फाटकाचं आवार गावात एकाच घराला होतं. ते घर ताऱ्यांचं.

जयूताई पोह्यांवर शेव भुरभुरत होत्या. खिडकीत अंधार झाला म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर एक म्हैस गजांतून आत बघत होती. दुसरी जास्वंद खात होती. तिसरीने पोर्चमधल्या स्कूटरला पाठ घासली आणि स्कूटर आडवी झाली.

"अहो! हे काय झंझट आणलंत घरात?"

"फक्त एक घंटा, जयू. शहर होईपर्यंत."

"शहर होईल तेव्हा होईल, आत्ता आपला गोठा झालाय!"

एवढ्यात चौकात ढोल कडाडला. मॅडमच्या स्वागतासाठी अंबिकाबाईंनी देवास गेटहून ढोलवाले बोलावले होते आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या ठेक्यालाच म्हशींचे कान उभे राहिले. दुसऱ्या ठेक्याला फाटकाची कडी तुटली. शैलेंद्र "अरे रुको, रुको!" करत मागे धावला, पण तोवर सगळा कळप रस्त्यावर पोचला होता.

चौकात एका बाजूने टँकर येत होता, दुसरीकडून शाळेची बस आणि कोचिंगवाल्यांच्या पन्नासेक मोटरसायकली. मध्ये चार ई-रिक्शा आडव्या आल्या. म्हशींनी या सगळ्याच्या मधोमध बैठक मारली. मॅडमची पांढरी गाडी तळ्याच्या रस्त्यावरून वळली आणि तिथंच अडकली. हॉर्न वाजू लागले. ढोलवाल्यांना तो प्रतिसाद वाटला, ते आणखी जोरात वाजवायला लागले.

तारे धावत चौकात गेले. जन्मभर गाड्यांना झेंडी दाखवलेला माणूस, हात आपोआप वर गेला. खांद्यावरचा नॅपकिन हलवून ते बसला थांबवत होते, रिक्शांना सोडत होते. माणसं ऐकत होती, पण म्हशी ढिम्म. शेवटी घामाघूम झालेल्या ताऱ्यांना गाडीतून उतरून चालत येणाऱ्या मॅडम दिसल्या आणि त्यांच्या हातातला नॅपकिन हळूहळू खाली आला. संपलं, असं त्यांना वाटलं. जयूला आता काय तोंड दाखवायचं?

तोंड दाखवायची वेळ लगेचच आली, कारण जयूताई मॅडमना हाताला धरून घरात घेऊन गेल्या. आडवी स्कूटर ओलांडून मॅडम आत आल्या, पोहे खाल्ले, दोनदा शेव मागून घेतली.

"यहाँ रोज़ ऐसा जाम लगता है?" मॅडमनी विचारलं.

तारे घाईने म्हणाले, "नहीं नहीं मॅडम, आज तो वो भैंस..."

"रोजच!" जयूताईंनी त्यांना मध्येच तोडलं. "रोज लगता है, मॅडम. शाम को तो पूछिए ही मत. भैंस बेचारी तो खुद फँसी हुई थी."

मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. "भैंसें तो भोपाल में भी घूमती हैं. लेकिन इतना ट्रॅफिक? ये तो पूरा शहर है!"

पावसाळा संपता संपता मोरखेडी नगर परिषद जाहीर झाली. शैलेंद्रने दूध आटवून स्वतःच्या हाताने केलेला मावा आणून दिला. फाटकाला नवी कडी लागली. तारे रोज सकाळी उठून पाइप टाकायला कुणी आलं का, ते बघत. एके दिवशी खरोखरच माणसं आली, चौकाच्या तोंडाशी, ताऱ्यांच्या फाटकाजवळ खड्डा खणला. ताऱ्यांनी त्यांना चहा पाजला. संध्याकाळी खड्ड्यात खांब उभा राहिला. त्यावर तीन दिवे होते.

मॅडमच्या अहवालाप्रमाणे नव्या शहराची पहिली गरज पाणी नव्हे, ट्रॅफिक सिग्नल ही होती.

तारे दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. "जयू, मी तुला नळ कबूल केला होता गं," ते म्हणाले, "आणि आणला दिवा."

 जयूताई खिडकीतून बाहेर टक लावून बघत होत्या. शाळेकडे निघालेला टँकर लाल दिव्याला बरोबर त्यांच्या फाटकासमोर थांबला होता, आणि ड्रायव्हर मोबाइल बघत बसला होता. जयूताई पदर खोचून उठल्या, बादली घेऊन बाहेर गेल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "भैया, जब तक खड़े हो, ज़रा पाइप इधर दे दो!"

ड्रायव्हरने हसून पाइप खाली सोडला. बादली काठोकाठ भरली. जयूताईंनी वर सिग्नलकडे पाहिलं आणि घराकडे तोंड करून ओरडल्या,

"अहो, बसलात काय? पिंप आणा पिंप! अजून लालच आहे!"