पिंकीच्या केसांची टोपडी

दत्तात्रय महाजनांचा नाशिकच्या बदलीचा अर्ज पारेखसाहेबांच्या टेबलावर पडून होता आणि पारेखसाहेबांची पॉमेरियन कुत्री महाजनांच्या सोफ्यावर. साहेबांच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेल्या, साहेबांना कुत्री झेपेना, म्हणून पिंकी सिल्वासाच्या आमली भागातल्या महाजनांच्या क्वार्टरमध्ये आली. तिथल्या धाग्याच्या कारखान्यातल्या नोकरीला महाजन विटले होते. तिकडे नाशिकला म्हातारे आईवडील एकटेच होते, आणि दर पत्रात वडील विचारत, कधी येतोस. साहेबांची सही होईपर्यंत पिंकीला काडीचाही त्रास होता कामा नये, असं महाजनांनी बायकोला बजावून ठेवलं.

सुनीताबाईंनी त्रास दिलाच नाही, लाडच केले. रोज फणीने विंचरलं. उन्हाळा असल्याने फणीला पुंजकेच्या पुंजके यायचे, आणि ते केरात टाकणं त्यांच्या जिवावर यायचं. शाळेत सूतकताईच्या तासाला त्यांचा हात कुणी धरत नसे. त्यांनी छत्रीच्या तारेला मोठं बटण अडकवून टकळी केली, केस रिठ्याने धुतले आणि कातायला बसल्या. नवरा कारखान्यात टनावारी धागा काढतो आणि बायको घरात कुत्रीचे केस कातते, हे पाहून महाजनांनी कपाळावर हात मारला.

त्या सुताचं पहिलं टोपडं गेलं झिपरूच्या मुलाला. झिपरू महाजनांच्याच खात्यात मशीनवर होता, धुळ्याकडचा. त्याची आई कोंडाबाई महाजनांकडे भांडी घासायची. बाळ टोपडं घालून गाढ झोपतं, ही बातमी सामरवरणीच्या चाळीत पसरली आणि प्रत्येक बाळंतिणीला तसलंच टोपडं हवं झालं. कारखान्यात खानदेशातली तरणी जोडपी भरलेली, त्यामुळे बाळंतिणींना तोटा नव्हता. सुनीताबाई कुणाला नाही म्हणेनात. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच आपलं कुणाला तरी काम पडतंय, असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. पिंकी मात्र दिवसेंदिवस विरळ होत चालली.

शेवटी महाजनांनी ठरवलं, चाळीत जाऊन खरं सांगून टाकायचं. कुत्र्याचे केस म्हटल्यावर बायका टोपडी तोंडावर फेकतील, चार शिव्या बसतील, पण पिंकी वाचेल आणि बदलीही. ते गेले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. कोंडाबाईने नातवाच्या डोक्यावरचं टोपडं काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत घालून नाडी घट्ट बांधली.

"साहेब, हे आधी सांगाले नको का?" ती म्हणाली. "याच्या आधीचे दोन हाती लागले नाहीत. म्हणून याचं नाव चिंधा ठेवलं, चार घरच्या चिंध्या मागून त्यावर निजवलं. सटवाईले वाटलं पाहिजे, पोरगं टाकाऊ आहे. कुत्र्याच्या केसात गुंडाळलेल्या पोराले ती कशाले हात लावते?"

चाळीला हे तंतोतंत पटलं. दुसऱ्या दिवशी महाजनांच्या दारात पोटुशा बायकाही येऊन बसल्या. चिंधाच्या आधीच्या दोघांचं ऐकल्यावर महाजनांच्याने कुणाला परत पाठववेना. फणीला केस येईनासे झाले तेव्हा सुनीताबाईंनी कात्री काढली, आणि हताश महाजनांनी पिंकीचे पाय धरले.

साहेब आणि त्यांच्या बाई, भावनाबेन, पिंकीला न्यायला आले, तेव्हा तिच्या अंगावर शेपटीचा गोंडा तेवढा उरला होता. बाकी सगळी गुलाबी कातडी. भावनाबेन मटकन खुर्चीत बसल्या. महाजन नुसतं 'उन्हाळा, उन्हाळा' म्हणत राहिले. मग मोरीतून ओल्या हाताने कोंडाबाईच बाहेर आली आणि तिने चिंधापासून सगळी कथा सांगितली.

भावनाबेननी डोळ्यांना पदर लावला.

"माझ्या दीकरीचं, लेकीचं पण पहिलं बाळ राहिलं नाय," त्या म्हणाल्या. "सुनीताबेन, एक टोपडं आमच्या या नव्या बाबाला कराल?"

सुनीताबाईंनी मान डोलावली. पण करायचं कशाचं? सगळ्यांनी पिंकीकडे पाहिलं. पिंकी पंख्याखाली आरामात पसरली होती.

साहेब रागावले नाहीत हे पाहून महाजनांना धीर आला. त्यांनी हळूच अर्जाचा विषय काढला.

"अर्ज वाचला ने, महाजन. सहीला पेन पण उघडला होता," पारेखसाहेब म्हणाले. "पण आता तुम्हाला कसा सोडू? पिंकी इथेच राहू दे. केस येऊ दे, टोपडं होऊ दे, मग बघू."

साहेबांची गाडी गेली. सुनीताबाई टकळी पुसून ठेवायला आत गेल्या. महाजन खूप वेळ पायरीवर बसून राहिले. मग चपला घालून आमलीच्या बाजारात गेले, माक्याच्या तेलाची मोठी बाटली घेऊन आले, आणि पिंकीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीला चोळू लागले.