होलक्रॉफ्टच्या दारातला अक्रोड

"हे झाड पाडावं लागेल," सायलस पेटीबोन म्हणाला. अजून तो घोड्यावरून धड उतरलाही नव्हता.

बार्नाबस होलक्रॉफ्ट नवा कोट घालून फाटकापाशी उभा होता. फिलाडेल्फियाच्या आग विमा संस्थेचा निरीक्षक घर बघायला येणार म्हणून त्यानं पायऱ्या घासून घेतल्या होत्या, दाराची पितळी कडी लखलखीत करून घेतली होती. आमच्या गावात एवढी जमीन आणि एवढं दुमजली दगडी घर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. घर बघायला आलेला माणूस आधी घराबद्दल काहीतरी चांगलं बोलेल, अशी त्याची साधी अपेक्षा होती.

"कुठलं झाड?" त्यानं विचारलं.

"हेच. दारातलं."

"हा अक्रोड माझ्या वडिलांनी लावलाय!"

"छान लावलाय. पण संस्थेचा नियम आहे साहेब. घरापुढे झाड असेल तर विमा नाही. आग लागली की बंबाचं पाणी फांद्यांत अडकतं."

"आग लागली की? म्हणजे ती लागणारच, असं धरून चाललाय तुम्ही?"

"आमची आग विमा संस्था आहे साहेब. आम्हाला तसंच धरून चालावं लागतं." पेटीबोननं मान वर करून छपराकडे पाहिलं. "आणि ते धुराडं साफ करून घ्या. काजळी फार साठलेली दिसतेय."

एवढं बोलून तो गेला. बार्नाबस तडक स्वयंपाकघरात शिरला. त्याची बायको टॅबिथा सफरचंदं सोलत होती.

"इंग्लंडच्या राजाला आपण हाकलून दिलं ते कशासाठी?" तो गरजला. "माझ्या दारात येऊन, घोड्यावरून न उतरता, माझ्या बापाच्या झाडाला फाशी ठोठावणाऱ्या माणसासाठी? यासाठी लढलो आम्ही?"

"तुम्ही कधी लढलात? तुम्ही सैन्याला सफरचंदं विकलीत."

"विकली. पण संतापानं विकली!"

टॅबिथानं सुरी खाली ठेवली. "अहो, तो खोगीरवाला मॅब्री. गेल्या थंडीत घर जळालं त्याचं. सहा माणसं अजून चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. मला रात्री झोप लागत नाही. झाड राहू दे नाहीतर जाऊ दे, पण विमा उतरवा."

"झाडही राहील आणि विमाही उतरेल," बार्नाबस म्हणाला. "आणि धुराडं मुळीच साफ होणार नाही. आता तर नाहीच. त्यानं सांगितलंय ना!"

दुसऱ्याच दिवशी तो फिलाडेल्फियाला जाऊन संस्थेच्या संचालकांपुढे उभा राहिला. अध्यक्ष होते हेझेकाया डन. अत्यंत सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की बार्नाबसचा आवाज जितका चढे तितका त्यांचा उतरत जाई.

"नियम आम्ही बदलू शकत नाही," ते म्हणाले. "ही संस्था सभासदांची आहे. नियम सभासद बदलतात, वार्षिक सभेत."

"मग मी सभेत बोलतो."

"आपण सभासद नाही."

"मग करून घ्या सभासद!"

"त्यासाठी आपल्या एखाद्या इमारतीचा विमा आमच्याकडे असायला हवा."

"माझ्या घराचा उतरवा की!"

"उतरवला असता," डन हळहळून म्हणाले. "पण त्याच्यापुढे झाड आहे."

बार्नाबसनं टोपी डोक्यावर घातली, दारापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा एकदम शांत होता. त्याला ओळखणारी माणसं या शांतपणाला फार भीत.

"माझ्याकडे शेळ्यांचा गोठा आहे," तो म्हणाला. "दगडी. त्याच्यापुढे झाड नाही. झुडूप नाही. गवताची काडी नाही. शेळ्यांनी सगळं खाल्लंय."

शेळ्यांच्या गोठ्याचा विमा उतरवू नये, असा नियम संस्थेकडे नव्हता. कुणी उतरवेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पेटीबोन पुन्हा आला, नाकाला रुमाल लावून गोठा तपासून गेला आणि विमा उतरल्याची खूण म्हणून दारावर संस्थेची शिशाची पाटी ठोकून गेला. तिच्यावर पाण्याचा घडा कोरलेला होता. जाताना त्यानं बजावलं की, नियमाप्रमाणे विम्याच्या इमारतीला एक लांब शिडी आणि चामड्याच्या बादल्या कायम टांगलेल्या असल्या पाहिजेत.

बार्नाबसनं घरामागची शिडी आणि बादल्या उचलून शेतापलीकडे गोठ्यात नेल्या.

"अहो, आपली शिडी?" टॅबिथानं विचारलं.

"नियम आहे."

"आणि घराला आग लागली तर?"

"घराचा विमा नाही. त्यामुळे घराला शिडी लागत नाही. मी नाही म्हणत, संस्था म्हणते!"

ही बातमी गावभर झाली. शेजारी गॉटलीब राऊश, बिअर गाळणारा, पिंपाएवढाच रुंद माणूस, कुंपणावर हात टेकून म्हणाला, "काय रे बार्नाबस, शेळ्यांना आता गाढ झोप लागते म्हणे?"

"हसून घे, गॉटलीब."

"नाही रे, मी वहिनींच्या काळजीनं म्हणतो. आग लागली तर त्यांना गोठ्यात झोपायला पाठव. गावात तेवढीच जागा सुरक्षित आहे."

बार्नाबस सभेची वाट पाहत दिवस काढू लागला. जेवताना, नांगरणी बघताना, चर्चमध्ये प्रवचन चालू असतानासुद्धा भाषण घोकत त्याचे ओठ हलत असत.

ऑक्टोबरमधल्या एका वाऱ्याच्या रविवारी दुपारी टॅबिथानं डुकराची तंगडी भाजायला लावली. चरबी जाळात ठिबकली, जाळ उसळला आणि धुराड्यातल्या काजळीनं पेट घेतला. आधी आत काहीतरी घोंगावल्यासारखा आवाज आला, मग धुराड्याच्या तोंडातून ठिणग्यांचा फवारा उडाला आणि लाकडी छपराचा एक कोपरा धुमसू लागला.

"शिडी!" टॅबिथा ओरडली.

"गोठ्यात!" म्हणत बार्नाबस शेतातून धावत सुटला.

गोठ्यात शेळ्यांनी बादल्यांच्या चामडी कड्या चावून चावून संपवल्या होत्या आणि एका बादलीचा काठही फस्त केला होता. बार्नाबसनं शेळ्यांना, पेटीबोनला आणि हेझेकाया डनना एका दमात शिव्या घातल्या, शिडी खांद्यावर घेतली आणि नांगरलेल्या ढेकळांतून तो परत निघाला. दोघांनी उचलायची शिडी होती. दर थोड्या पावलांवर तिचं एक टोक जमिनीत रुतत होतं आणि दुसरं त्याला ढकलून देत होतं.

इकडे राऊश धावत आला. त्यानं छपराकडे पाहिलं, शिडी नसलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि बूट काढून फेकले. एवढा अगडबंब माणूस अक्रोडावर कसा चढला, ते आजही आमच्या गावात कुणी नीट सांगू शकत नाही. चढला खरा. छपरावर झुकलेल्या जाड फांदीवर तो घोड्यावर बसावं तसा बसला आणि ओरडला, "वहिनी, पाणी! जे हाताला लागेल ते द्या!"

चर्चमधून परतणारी माणसं जमली. मॅब्री आणि त्याची मुलं खालच्या फांद्यांवर चढली आणि हातोहात भांडी वर जाऊ लागली. पाण्याचा हंडा गेला, दुधाची चरवी गेली, रात्रीसाठी केलेलं वाटाण्याचं सूप गेलं. राऊशनं सगळं एकामागून एक छपरावर ओतलं. सूप ओतण्याआधी त्यानं एक घोट घेतला, असं मॅब्रीचं म्हणणं आहे.

तेवढ्यात गावातला बंब आला आणि त्याच्यामागे खानावळीत उतरलेला पेटीबोन. चार जणांनी बंब हापसायला सुरुवात केली. पाणी उडालं, फांद्यांवर आपटलं आणि सगळं राऊशच्या अंगावर पडलं.

"सांगितलं होतं मी!" पेटीबोन ओरडला. "झाड मध्ये येतं म्हणून सांगितलं होतं!"

"अरे ए शहाण्या!" वरून निथळणारा राऊश गरजला. "झाडाला शिव्या मग दे! आधी ती नळी वर दे!"

नळी हातोहात वर गेली. राऊशनं ती काखेत धरून छपरावर रोखली आणि बघता बघता आग विझली. छपराचा एक कोपरा आणि फांदीचं टोक तेवढं जळालं होतं.

नखशिखांत चिखलानं माखलेला बार्नाबस शिडी घेऊन फाटकात पोचला तेव्हा लोक झाडावरून खाली उतरत होते.

"थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं?" तो संतापून म्हणाला.

टॅबिथानं पुढं होऊन त्याच्या खांद्यावरची शिडी घेतली, भिंतीला टेकवली आणि मग डोळ्यांना एप्रन लावून रडली. बार्नाबसचा सगळा आवेश तिथंच गळाला. दुसऱ्या दिवशी धुराडं साफ झालं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, असं तो सगळ्यांना सांगत होता.

वार्षिक सभेत एका गोठ्याचा सभासद म्हणून तो उभा राहिला. असं भाषण त्या सभागृहात पूर्वी झालं नव्हतं. राऊशला त्यानं पुरावा म्हणून सोबत आणलं होतं.

"तुम्ही म्हणता झाड आगीत आडवं येतं!" टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला. "माझं घर कुणी वाचवलं? तुमच्या नियमानं? तुमचा नियम शेळ्यांनी खाल्ला! झाडानं वाचवलं! अहो, झाड म्हणजे देवानं दारात उभी केलेली शिडी आहे, आणि ती पाडायला सांगणारा माणूस घराचा शत्रू आहे!"

टाळ्या थांबेनात. हेझेकाया डननी शांतपणे विचारलं, "हे असंच नियमात घालायचं का?"

"शब्द न् शब्द!" बार्नाबस म्हणाला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. घराचा विमा उतरला, दारावर पाटी लागली आणि त्या रात्री टॅबिथा निवांत झोपली. बार्नाबस हिवाळाभर गावात असा फिरला, जणू राजाला त्यानं एकट्यानं हाकललं होतं.

वसंतात वारे सुटले तशी ती जळकी फांदी छपरावर घासू लागली. नव्या फळ्या उचकटल्या, माजघरात पाणी गळायला लागलं. टॅबिथाच्या सांगण्यावरून बार्नाबस करवत घेऊन निघाला. शिडी लावतोय तोच फाटकात घोडा थांबला. वर्षाच्या पाहणीला पेटीबोन आला होता. या खेपेला मात्र तो घोड्यावरून उडी मारून उतरला आणि पळत येऊन बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

"करवत खाली ठेवा, साहेब!"

"का?"

"नव्या नियमाप्रमाणे बचावाचं साधन तोडता येणार नाही. एक फांदी जरी तोडली तरी विमा रद्द!"

बार्नाबसला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "अरे, माझं झाड आहे हे! याच झाडापायी तू मला विमा नाकारला होतास!"

"तेव्हा ते झाड होतं," पेटीबोन म्हणाला. "आता ती शिडी आहे. देवानं उभी केलेली. आणि ती पाडणारा माणूस घराचा शत्रू आहे. शब्द आपलेच आहेत साहेब, आम्हाला पाठ आहेत."

कुंपणापलीकडे राऊश इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. बार्नाबस करवत गवतात भिरकावून घरात निघून गेला. पेटीबोननं झाडाभोवती एक चक्कर मारली, बुंध्यावर समाधानानं थाप दिली आणि पाहणी पुरी केली.

संध्याकाळी माजघरात गळतीखाली हंडा ठेवलेला होता आणि बार्नाबस बाहेर पायरीवर बसून पुढच्या सभेची तयारी करत होता.

"सभ्य गृहस्थहो," तो मूठ वळून म्हणत होता, "घरापुढचं झाड म्हणजे काय? छपराला लावलेला सुरुंग! असं एकेक झाड मुळासकट..."

टॅबिथा दारात आली. "अहो, जरा हळू बोला. ऐकू जाईल."

"कुणाला? पेटीबोन केव्हाच गेला."

"झाडाला," ती म्हणाली.

बार्नाबसनं वर पाहिलं. अक्रोडाला नुकती पालवी फुटत होती. तो उठला आणि उरलेलं भाषण त्यानं घराच्या मागच्या बाजूला जाऊन, दबक्या आवाजात पुरं केलं.