निष्कलंक तळाची बोट

बोटीचं आयुष्य तिच्या तळाच्या स्वच्छतेवर अवलंबून असतं. आणि तळ पाण्याखाली असल्यामुळे तो वरिष्ठांना दिसत नाही, ही मोठी अडचण आहे. ती दूर करायला बंदर कार्यालयात 'तळशुद्धी कक्ष' निघाला. (तीन टेबलं, एक पंखा आणि पाण्याला घाबरणारे एक साहेब.)

नावाड्याची बोट रोज पलीकडच्या बेटावर माणसं नेई-आणी. वर्षातून एकदा तो ती ओहोटीला वाळूवर कलती करी, तळाचं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले खरवडी, रंगाचे दोन हात मारी आणि कामाला लागे. इतका अशास्त्रीय प्रकार तीस वर्षं चालला होता, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता!

कक्षाने कसून अभ्यास केला. शेवाळ धरलेल्या बोटींपैकी शंभर टक्के बोटी पाण्यात आढळल्या. कोरड्या जागी ठेवलेल्या एकाही वस्तूला शेवाळ नव्हतं. (साहेबांचं टेबलही तपासलं.) सबब, नावाड्याची बोट बाहेर काढून चार ठोकळ्यांवर चढवण्यात आली.

"साहेब, माझी ताई बेटावर आहे हो," नावाडी काकुळतीला आला. "गुरुवारी ऑपरेशन आहे तिचं. इकडे दवाखान्यात आणायचंय. तिकडे जाणारी दुसरी बोटच नाही."

"अहो, मग आणा की! कोण नको म्हणतंय?" साहेब मायेने म्हणाले. "फक्त पाण्याशी संपर्क टाळा."

तसा लेखी आदेशही निघाला, तीन प्रतींत.

गुरुवारी सकाळीच ताईचा फोन आला. "अरे, पिशवी भरून धक्क्यावर बसलेय कधीची. निघालास ना?"

"निघालोच, ताई," तो म्हणाला आणि ठोकळ्यांवरच्या बोटीत जाऊन बसला. करतो काय?

नेमका त्याच दिवशी बोटीला 'सर्वांत स्वच्छ तळ' हा किताब मिळाला. बघायला ही झुंबड! आपणही होतात की रांगेत. तळावरून हात फिरवून "काय गुळगुळीत ठेवलाय हो!" असं आपणच म्हणालात. वर नावाडी तोंड झाकून रडत होता, फोन पुन्हा वाजत होता. तेव्हा "आनंद गगनात मावेनासा झालाय बिचाऱ्याचा" असं म्हणून पहिली टाळीही आपणच वाजवलीत.