बठ्ठा खाले!

"नाना, साक्रीकडची बोली आपल्यासारखी नाही," असं प्रमिला घरातून निघताना म्हणाली आणि गिरधरभाऊंचं डोकं तिथेच तापलं.

"तू मले बोली शिकवशीन?" ते फेटा अर्धवट सोडून म्हणाले. "पंधरा वर्साची पोरगी तू! अख्ख्या हिंदुस्थानाशी बोलतो मी!"

हे अगदीच खोटं नव्हतं. फैजपूरच्या मळ्यातली त्यांची केळी वॅगनींतून दिल्लीपर्यंत जात. त्यामुळे हिंदी दलालाशी हिंदीत, गुजराथी दलालाशी गुजराथीत आणि स्टेशनमास्तरशी तिसऱ्याच कुठल्यातरी भाषेत भांडण्याची त्यांना सवय होती. धुळे-साक्रीकडच्या अहिराणीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. ती निराळी भाषाच नाही, आपलीच भाषा जरा घाईत बोललेली. प्रमिलाच्या वर्गात धुळ्याहून बदलून आलेल्या कारकुनाची मुलगी होती. तिच्याबरोबर राहून प्रमिला अहिराणी फडाफडा बोलायला लागली होती, आणि बापाला नेमका याचाच राग होता. मुलांनी शाळेत जे शिकायचं ते शिकावं, घरी येऊन बापाला शिकवू नये.

त्यात प्रवास साधासुधा नव्हता. साक्रीला दिलेल्या बहिणीच्या, बेबाबाईच्या, धाकट्या मुलीचं लग्न होतं. थोरलीच्या लग्नात मामा म्हणून मुलीला बोहल्यावर आणायला गिरधरभाऊ पोचलेच नव्हते. कुठेशी वॅगन अडकली होती. शेवटी शेजारचा कुणीतरी मामा म्हणून उभा राहिला, आणि त्यानंतर वर्षभर बेबाबाई भावाशी बोलली नाही. यंदा तिचा निरोप आला होता, "कमलच्या लग्नात अंतरपाटामागे माझा भाऊ दिसला नाही, तर मले माहेर नाही असं समजीन." त्यामुळे गिरधरभाऊ बायको पुष्पाबाई, दोन मुलं, आहेराचं गाठोडं आणि केळीचा एक घड घेऊन पहाटेच निघाले. घड असा निवडलेला की साक्रीला पोचेपर्यंत बरोबर पिवळा व्हावा.

धुळ्यापर्यंत सगळं ठीक झालं. धुळ्याच्या मोटारस्टँडवर साक्रीची गाडी उभी होती. गिरधरभाऊंनी मुसंडी मारून पुढची दोन बाकं धरली. पुष्पाबाई खिडकीशी बसल्या, आणि तेरा वर्षांचा रतिलाल फैजपूर सोडल्यापासून विचारत होता तेच पुन्हा विचारू लागला, "माय, डबा केव्हा सोडायचा?"

गाडी भरली. एवढ्यात कंडक्टर धावत आला, बाहेरूनच त्यानं पत्र्यावर थाप मारली आणि ओरडला, "बठ्ठा खाले! बठ्ठा खालेऽ!"

"नाना, उतरा," प्रमिला उठली.

"कशाले उतरा? तो काय मन्ला ते आयकलं नाही? बठा, खा ले! बसा आणि खाऊन घ्या. गाडीले वेळ असंन."

"बठा नाही नाना, बठ्ठा! बठ्ठा म्हणजे सगळे. खाले म्हणजे खाली. सगळे खाली उतरा म्हणतोय तो!"

"माय, नाना बरोबर सांगतात," रतिलाल म्हणाला. त्यानं डब्याची कडी केव्हाच काढली होती.

माणसं भराभर उतरू लागली. गिरधरभाऊंना त्यांची कीव आली. "पाह्य! जेवा म्हटलं त पानी प्यायले धावले. जागा सोडून! याले म्हनते अडानी लोक." त्यांनी रिकाम्या बाकावर ऐसपैस मांडी घातली आणि लोणच्याची फोड मागितली. पुष्पाबाईंनी लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा सोडला. लग्न होऊन सतरा वर्षं झालेल्या बाईनं आणखी काय करावं? प्रमिला मात्र उभीच राहिली. रागानं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

गाडी सुरू झाली. "पाह्यलं?" गिरधरभाऊ भाकरीचा तुकडा नाचवत म्हणाले. "आपल्यालेच घेऊन चालली!"

गाडी साक्रीच्या रस्त्याला न लागता उतारावरून सरळ पांझरा नदीत गेली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली. ड्रायव्हर विडी ओढत काठाला गेला. झुलाल नावाच्या क्लीनरनं धोतर खोचलं, बादली भरली आणि मागच्या खिडकीतून आत फेकली. दुसरी बादली मधल्या खिडकीतून आली. तिसरी गिरधरभाऊंच्या नव्या फेट्यावर बसली.

"अरे ए! मानसं हायेत इथं!"

झुलालनं खिडकीतून डोकं आत घातलं आणि तो बघतच राहिला. "ओ भाऊ, बठ्ठा उतरी ग्यात! तुम्ही काब्र बठेल शेतस? हाई गाडी वऱ्हाडनी शे, तुमनी दुसरी!"

"आयकलं का?" फेट्यातून पाणी गळत असतानाही गिरधरभाऊ गर्जले. "हा बी बठाच मन्तो!"

"सगळे उतरले, तुम्हीच का बसलात, असं विचारतोय तो," प्रमिला दात खाऊन म्हणाली. "ही गाडी एका लग्नाच्या वऱ्हाडाला दिलीय. आपली दुसरी होती. आता उतरायचं का, नाना? चारही बाजूंनी नदी आहे."

गिरधरभाऊंनी फेटा डोक्यावरून काढला. लेक बरोबर होती हे त्यांना त्या घटकेला कळलं, पण कळलेलं सगळंच बोलून दाखवायला ते काही शाळेतली मुलगी नव्हते. ते फेटा पिळत बसले. डोळ्यांसमोर बेबाबाई दिसत होती. ओल्या आहेरापेक्षा आणि भिजलेल्या भाकरीपेक्षा त्यांना तीच जास्त झोंबली.

धुतलेली गाडी स्टँडवर परतली, तोवर साक्रीची दुसरी गाडी केव्हाच निघून गेली होती. पुन्हा गाडी संध्याकाळी. लग्न गोरज मुहूर्ताचं. गिरधरभाऊ बाकावरून उठेनातच. इतक्यात ताशे वाजले आणि गाडीत वऱ्हाड घुसलं. सर्वांत पुढे जरीचा रुमाल बांधलेले वरबाप भाईदास होते. पहिल्या बाकावर एक ओलंचिंब कुटुंब पाहून ते थबकले.

"आपण कोण?"

"मी फैजपूरचा गिरधर. आमच्या भाचीचं लग्न हाये साक्रीले. कमलचा मामा मी…"

"कमलचे मामा?" भाईदास दोन पावलं मागेच सरले. मग वऱ्हाडाकडे वळून ओरडले, "अरे, पाहा रे! आपल्याले नेवाले खुद्द नवरीना मामा येल शे! गाडी बी आंग ओलं करीसन धुई काढी! याले म्हंतस मानपान!"

गिरधरभाऊंनी तोंड उघडलं. मग त्यांनी ते हळूच मिटलं आणि ओल्या मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय एवढं," ते म्हणाले.

प्रमिलानं खिडकीवर डोकं आपटायचंच बाकी ठेवलं होतं. झुलालनं तेवढ्यात केळीचा घड गाडीत दाराशी शोभेला बांधला. तो वऱ्हाडातल्या पोरांना फार आवडला. साक्री येईपर्यंत त्याचा नुसता दांडा उरला होता. त्यावर गिरधरभाऊंनी मिशीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. पण वाटेत नेर गावाच्या पुढे त्यांची ती दुसरी गाडी बंद पडलेली दिसली. धुळ्याला शहाण्यासारखे उतरलेले सगळे लोक बाभळीखाली उन्हात बसले होते. मग मात्र त्यांना राहवलं नाही.

"पाह्य पमे! उतरले ते उन्हात. बठले ते मानात!"

आता यात न्याय कुठे आहे? जी खरं बोलली, ती मुलगी भिजली, उपाशी राहिली आणि वर टोमणे ऐकत बसली. ज्याचं सपशेल चुकलं, तो वरबापाशेजारी पानसुपारी खात लग्नाला निघाला.

साक्रीच्या वेशीवर बेबाबाईनं वऱ्हाडाच्या गाडीतून उतरणारा भाऊ पाहिला आणि ती रडलीच. "भाऊ, तू वऱ्हाडाले आनाले गेलता?" गिरधरभाऊंच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुहूर्ताला त्यांनी कमलला हात धरून बोहल्यावर आणलं. अंतरपाटामागे ते असे ताठ उभे राहिले की नवऱ्यामुलापेक्षा लोक त्यांच्याकडेच बघत होते. पुढे मांडवभर त्यांनी तोच किस्सा सांगितला. प्रत्येक वेळी पांझरेत उतरून त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतलेली गाडी जरा मोठी होत गेली.

अंधार पडला, गॅसबत्त्या लागल्या आणि पंगतीची पानं मांडली. वरण-बट्टीचा वास सुटला. माणसं पानांपाशी घुटमळत होती. गिरधरभाऊ प्रमिला आणि रतिलालच्या मधल्या पानावर बसूनही गेले होते. एवढ्यात कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "बठ्ठा बठा! बठ्ठा बठा हो!"

गिरधरभाऊ गोंधळले. एकच शब्द दोनदा? की दोन निराळे? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पमे, काय मन्तो वं तो?"

प्रमिलानं बापाकडे नीट पाहिलं. वाळलेल्या फेट्यावर अजून पांझरेच्या गाळाचा डाग होता.

"सगळे उभे राहा म्हणतोय, नाना."

गिरधरभाऊ ताडकन उभे राहिले. त्याच क्षणी अख्खी पंगत खाली बसली.

"मामा वाढाले उठी ग्यात!" कुणीतरी ओरडलं. "व्वा! याले म्हंतस मामा!" भाईदासांनी टाळ्या वाजवल्या, बेबाबाईनं पुन्हा डोळ्यांना पदर लावला, आणि वरणाची भरलेली बादली गिरधरभाऊंच्या हातात आली. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. वाकून वाकून ते एका टोकापासून वाढत निघाले. आपल्या मुलांपाशी पोचले तेव्हा कंबर धरली होती, रतिलालचं निम्मं पान संपलं होतं आणि त्यांच्या स्वतःच्या पानावरची बट्टीही त्यानंच फस्त केली होती.

"किती वाढू?" ते लेकीला म्हणाले. आवाजात राग होता, पण बादली धरलेल्या माणसाचा राग कितीसा चालणार?

प्रमिलानं पानातली बट्टी शांतपणे कुस्करली.

"बठ्ठं," ती म्हणाली.

या शब्दाचा अर्थ आता गिरधरभाऊंना कुणालाही विचारावा लागला नाही.