भैयाजींचा सातवा आजार

सेलूच्या कै. गोदावरीबाई स्मृती रुग्णालयात वैद्यकीय सचिवाचं एक पद रिक्त झालं आणि ते रीतसर मुलाखती घेऊन भरावं, असं विश्वस्त मंडळाच्या सभेत एकमताने ठरलं. त्याआधी या पदाला कोणी वैद्यकीय सचिव म्हणत नसे. 'काउंटरवाली बाई' म्हणत, आणि बावीस वर्षं ती बाई म्हणजे मंदाबाई होत्या.

मंदाबाईंच्या कारभाराबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. रिपोर्ट घ्यायला पेशंटला पुन्हा दवाखान्यात यावं लागत नसे. केळझरच्या माणसाची शुगर किती निघाली, हे तो एस.टी.तून उतरायच्या आत केळझरला कळलेलं असे आणि घरच्यांनी चहात साखर टाकणं बंद केलेलं असे. पण गेल्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी नागपूरहून एक तपासनीस आले. रुग्णांची माहिती गोपनीय कशी ठेवता, असं त्यांनी विचारलं. मंदाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समोरच्या बाकावर बसलेल्या अकरा जणांपैकी कोणाचं काय गोपनीय आहे, ते एकेकाकडे बोट दाखवून समजावून सांगितलं. तपासनीसांनी शेरा मारला. मंदाबाईंची बदली चादरी-पडद्यांवर झाली आणि जाहिरात निघाली. पदवी, टंकलेखन, संगणक आणि शेवटी 'गोपनीयता राखण्याची सिद्ध क्षमता'.

सपना थूलकडे पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या. बी.कॉम. होतं, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग होतं, वर्ध्याच्या एका लॅबमध्ये दोन वर्षं रिपोर्ट टाइप करण्याचा अनुभव होता. ती लॅब बंद पडल्यापासून तिने नऊ मुलाखती दिल्या होत्या. ही दहावी. ही नाही जमली तर पुण्याला मावशीकडे जाऊन मिळेल ते काम धरायचं, असं ठरलं होतं. वडील गेल्यापासून घरात ती आणि आई दोघीच. आई कौशल्याबाई अंगणवाडीत सेविका. पन्नास पोरं सांभाळणारी बाई, पण पोरगी पुण्याला जाणार म्हटलं की तिच्या हातातली खिचडी करपायची. घरापासून सात मिनिटांवरची नोकरी सोडायची सपनाची मुळीच तयारी नव्हती.

इकडे निवड समितीला 'सिद्ध' या शब्दाने घोर लावला होता. समितीत तिघे होते. अध्यक्ष भैयाजी, म्हणजे रुग्णालयाचे संस्थापक, बियाणं-खताचे व्यापारी आणि कै. गोदावरीबाईंचे नातू. दुसरे डॉक्टर अश्विन. तिसरे प्रशासन अधिकारी गजेंद्र, जे घरी पाणी मागतानाही 'उपलब्ध करून द्यावे' म्हणत. क्षमता सिद्ध कशी करायची, यावर गजेंद्रांनी तीन दिवस विचार केला आणि 'गोपनीयता क्षमता चाचणी' नावाची योजना मांडली. प्रत्येक उमेदवाराला एकट्याने आत बोलवायचं, एका रुग्णाचा एकेक वेगळा आजार सांगायचा आणि आठ दिवस थांबायचं. ज्याचा आजार गावात ऐकू येईल, तो उमेदवार बाद.

"रुग्ण काल्पनिक घेऊ," डॉक्टर म्हणाले.

"काल्पनिक रुग्णाच्या आजाराचा प्रसार करण्यास कोणी उद्युक्त होणार नाही," गजेंद्र म्हणाले. "चाचणी निष्फळ ठरेल. रुग्ण प्रतिष्ठित असणे आवश्यक आहे."

दोघांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजी आधी रागावले, मग त्यांनी खिडकीतून गावाकडे एक नजर टाकली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "माह्याशिवाय हाय कोन सेलूत?"

उमेदवार सात होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी गजेंद्रांनी मूळव्याध, जंत, नकली दात, झोपेत चालणे, डोक्यावर विग आणि विंचू पाहून शुद्ध हरपणे असे सहा आजार चिठ्ठ्यांवर लिहून काढले. सातव्यापर्यंत जेवणाची वेळ झाली आणि ती चिठ्ठी कोरी राहिली.

सातवा नंबर सपनाचा होता. ती आत गेली तेव्हा डॉक्टरांना एका बाळंतपणासाठी बोलावणं आलं आणि गजेंद्र जिल्ह्याच्या ऑफिसचा फोन घेऊन व्हरांड्यात गेले. जाता जाता त्यांनी भैयाजींना खुणेने सांगितलं, आटपून घ्या. भैयाजींनी चिठ्ठी उलगडली. ती दोन्ही बाजूंनी पाहिली. पोटभर जेवण झालेलं होतं, डोळ्यांवर झापड होती, आणि आयत्या वेळी खोटा आजार सुचायला जी तरतरी लागते ती अंगात नव्हती. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग टेबलावर वाकून, हळू आवाजात, त्यांनी एक आजार सांगितला.

सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा असा काही पडला की सपनाला लगेच कळलं, हा आजार चिठ्ठीवरचा नाही. "कोनाले सांगू नको बेटा," ते म्हणाले. या शब्दांत आणि परीक्षेच्या सूचनेत फरक होता. सपना "नाई सांगत" म्हणाली आणि उठली.

घरी कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या.

"काय इचारलं वो?"

"इचारलं काई नाई. सांगतलं."

"काय सांगतलं?"

"थेच तं सांगता येत नाई."

"मी तुही माय हाव का कोन हाव?"

"माय हायेस, पन समिती नाई हायेस."

कौशल्याबाईंनी त्या दिवशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या अंगणवाडीतून अक्षरशः रडवेल्या होऊन आल्या. मदतनीस अनुसयाबाईची पुतणी मुलाखतीला होती, तिने घरी मूळव्याध आणली होती. समोरच्या गल्लीतल्या मुलीने नकली दात आणले होते. खाऊ वाटताना बायका आपापले आजार काढत आणि कौशल्याबाईंकडे वळून विचारत, तुमच्या सपनाले काय भेटलं? "सगळ्याईच्या पोरीईले एकेक आजार भेटला," त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "माहीच पोट्टी रिकामी आली!"

सपनाला हसूही आलं आणि आईची दयाही आली. एका शब्दात आईची मान अंगणवाडीत ताठ झाली असती. तो शब्द दिवसातून दहा वेळा तिच्या जिभेवर येई आणि ती पाणी पिऊन तो गिळे. पुण्याच्या मावशीचा फोन यायचा, "काय ठरलं?" म्हणून. ती आठवा दिवस मोजत होती.

गावात तोवर भैयाजींचं जगणं कठीण झालं होतं. सहाही उमेदवारांना ही परीक्षा आहे हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. परीक्षा कशी होती एवढंच फक्त सांगितलं होतं, आणि तेही एकाच माणसाला. आठवडी बाजारात भाजीवाल्याने भैयाजींना पेरू नाकारला. म्हणाला, भैयाजी, तुमाले चावनार नाई, पपई न्या. कारंज्याच्या एका ढाबेवाल्याने मूळव्याधीवर मुळी पाठवली, सोबत कसं बसायचं त्याचं चित्रही पाठवलं. वारा सुटला की माणसं आदराने त्यांच्या डोक्याकडे बघत. वृद्ध पुंडलिकराव तर त्यांच्या दुकानात येऊन तासभर बसले आणि विंचू उतरवण्याचा मंत्र देऊन गेले. शनिवारी सकाळी भैयाजी दार उघडायला गेले तर उघडेना. झोपेत चालून रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कोण्या भल्या शेजाऱ्याने बाहेरून कडी घातली होती.

आठव्या दिवशी समिती बसली. सहा उमेदवार बाद झाल्याची नोंद झाली आणि सपनाला आत बोलावण्यात आलं. यावेळी तिघेही हजर होते. ती बसली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, झालं आपलं काम.

"आपल्या बाबतीत चाचणी अनिर्णित आहे," गजेंद्र म्हणाले.

"म्हंजे?"

"सातवा आजार गावात ऐकू आलेला नाही. याची चार कारणे संभवतात. आपण तो ऐकलाच नाही, ऐकून विसरलात, आपल्याला तो सांगण्याजोगा वाटला नाही, किंवा आपण गोपनीयता राखली. पहिली तीन कारणे निष्काळजीपणात मोडतात. चौथे कारण ग्राह्य धरायचे तर आजार आपल्या लक्षात आहे, याचा पुरावा हवा. तेव्हा आजार सांगा."

"पन तुमीच तं म्हनलं, कोनाले सांगू नका."

"समितीला सांगण्यास हरकत नाही."

"दरवाजा उघडा हाय," सपना म्हणाली. "अन् तुमी सगळं रजिस्टरात लिवून राह्यले. थे रजिस्टर पाहाले कोनीबी येते."

डॉक्टर अश्विनना हे पटलं असावं, कारण ते खाली बघून हसले. गजेंद्र हसले नाहीत. "सांगितल्यास गोपनीयतेचा भंग म्हणून अपात्र," ते म्हणाले. "न सांगितल्यास पुराव्याअभावी अपात्र. निवड आपली आहे."

सपनाने सरळ अध्यक्षांकडे पाहिलं. "भैयाजी, तुमीच म्हना. सांगू काय?"

"नको!" भैयाजी खुर्चीतून अर्धे उठले. "नको, नको, नको!"

डॉक्टरांनी भैयाजींकडे पाहिलं, गजेंद्रांनी भैयाजींकडे पाहिलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर आठ दिवसांत प्रथमच खरी जिज्ञासा उमटली. गजेंद्रांना कोरी चिठ्ठी आठवली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. भैयाजींनी रुमालाने मान पुसली. "नियम म्हंजे नियम," ते घाईघाईने म्हणाले. "लिवा. पुराव्याअभावी."

नेमक्या त्याच वेळी मंदाबाई पडदे बदलायला आत आल्या होत्या. स्टुलावर उभ्या राहून, पाठमोऱ्याच, त्यांनी कोणी विचारलेलं नसताना समितीचा सगळा गोंधळ निस्तरला. मूळव्याध कोणत्या उमेदवाराकडून सुटली, ती कोणत्या वारी केळझरला पोचली, जंत वाटेत कसे वाढले आणि विग कोणी लावला, ते त्यांनी क्रमाने सांगितलं. "पन पोरीईले काऊन दोष देता?" पडद्याची शेवटची कडी अडकवत त्या म्हणाल्या. "झोपीत चालनं तं मले मुलाखतीच्या आदल्याच दिवशी मालूम होतं. गजेंद्रसायबाच्या बाईसाहेब पिठाच्या गिरणीत सांगून राह्यल्या होत्या."

समितीने ठराव केला. त्याची भाषा गजेंद्रांची होती, आणि ती आजही रुग्णालयाच्या फलकावर वाचायला मिळते: 'माहिती गोपनीय राखण्यासाठी ती प्रथम संपूर्णपणे ज्ञात असणे अनिवार्य असून, सदर अट केवळ श्रीमती मंदाबाई याच पूर्ण करतात. सबब त्यांची वैद्यकीय सचिव या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे.'

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला भैयाजी स्वतः सपनाच्या घरी आले. कौशल्याबाईंनी पाणी दिलं आणि पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्याखाली त्यांची पावलं दिसत होती.

"बेटा, तू हुशार हायेस," भैयाजी म्हणाले. "पन तुले नोकरी देली असती तं गाव म्हनलं असतं, पोट्टीले काईतरी मालूम हाय, म्हनून भैयाजीनं घेतलं. मंग लोकं शोधतच बसले असते. तू... कोनाले सांगतलं तं नाई ना?"

सपनाला राग आला. नऊ मुलाखती हरल्याचा तिला इतका आला नव्हता. पुण्याचं तिकीट कपाटात होतं. पडद्यामागे आई श्वास रोखून उभी होती. तिने नुसता आवाज थोडा मोठा केला असता तरी संध्याकाळपर्यंत भैयाजींना सेलूत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं माह्या मायनं माह्याशी बोलनं तरी सुरू ठेवलं असतं. नाई सांगतलं. अन् सांगनार बी नाई. तुमच्या समितीसाठी नाई, तुमी टेबलावर वाकून 'बेटा' म्हनलं होतं म्हनून."

भैयाजी उठले. जोडे उलटे घालून गेले.

आता सपना पुण्यात आहे. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात ती मुलाखतीला गेली, तेव्हा समितीतले एक सदस्य नेमके विदर्भातले निघाले. सगळे प्रश्न संपल्यावर ते पुढे वाकले आणि म्हणाले, "बरं, ते सेलूच्या भैयाजींचं काय होतं हो?" सपनाने सांगितलं नाही. तिच्या कागदावर 'एका प्रश्नाचे उत्तर दिले नाही' असा शेरा पडला. पुढच्या दोन मुलाखतींतही तसंच झालं.

आणि वाचक, तुम्ही. भैयाजींचे सहा आजार तुम्हाला कधीच सांगून झाले आहेत, ते तुम्ही मजेत वाचलेत आणि एव्हाना त्यातले दोन विसरलातही. या पोरीला नोकरी लागते का, हे वाचायला तुम्ही बसला होतात. पण मधल्या पानापासून तुमचं लक्ष तिच्या नोकरीवर नव्हतं, सातव्या आजारावर होतं. आत्ताही तुम्ही मनातल्या मनात वर जाऊन, भैयाजी टेबलावर वाकल्याची ती ओळ पुन्हा तपासून आलात. तिथे काही लिहिलेलं नाही.

रुग्णालयाच्या निवड समितीवर बाहेरचा एक सदस्य घ्यायचा आहे, असं गजेंद्र सांगत होते. पात्रतेची अट एकच होती, 'दुसऱ्याचा आजार जाणून घेण्याची सिद्ध उत्सुकता'. आम्ही तुमचं नाव पाठवून दिलं आहे.