मौजे बँकॉक, सातवा मजला

"बाबा, आम्ही इथं घर घेतोय," प्रणित बँकॉकहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आणि पनवेलजवळच्या कोन गावात, बंगल्याच्या ओट्यावर, दाजींनी हातातला चहाचा कप बशीच्या बाजूला, हवेत ठेवला. कप फुटला. रंभाबाईंनी तुकडे गोळा करता करताच विचारलं, "घर म्हंजे भाड्याचा ना रं?"

"विकतचं, आई."

दाजींना जागेतलं कळतं, हे पळस्प्यापासून पनवेलपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. त्यांची अर्धी शेती रस्त्यात गेली आणि उरलेलीतली अर्धी बिल्डरकडे, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी वकील, तलाठी, मोजणीवाले इतके पाहिले होते की गावात कुणालाही गुंठाभर जागा घ्यायची तर तो आधी दाजींच्या ओट्यावर येई. स्वतःच्या मुलाने मात्र आधी जागा ठरवली आणि मग फोन केला.

"किती गुंठं?" दाजींनी विचारलं.

"गुंठे नाहीत, बाबा. फ्लॅट आहे. इथं परदेशी माणसाला जमीन घेताच येत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीतल्या एकोणपन्नास टक्क्यांच्या आत. त्याच्यावर बाहेरच्यांना नाही."

"जमीन नाय? मंग तू इकत काय घेतोस, हवा?"

आता मनस्वी मोबाइलच्या चौकटीत डोकावली. सून नवीन पनवेलची, समजावून सांगण्यात हुशार. "बाबा, समुद्राकाठी बंगले पण बघितले आम्ही. मस्त होते. पण खालची जमीन तीस वर्षांच्या लीजवर. म्हणून म्हटलं, शहरातच बरं. स्टेशन जवळ, खाली मार्केट, ऑफिस वीस मिनिटं."

"थांब थांब." दाजींचे डोळे चमकले. "तीस वर्सं जमीन आपल्या ताब्यात आन् मालक दुसराच? म्हंजे आपन कूळ! अगं मंग बंगलाच घ्या. ऱ्हावा गुमान तीस वर्सं. मंग कूळ म्हनून नाव लावून घेऊ."

"बाबा, इथं कूळकायदा नाही."

"मंग त्या लोकांचा चालतो कसा?"

प्रणितने कपाळाला हात लावला. मालकीण भली बाई आहे, कागद स्वच्छ आहेत, पंधरा-वीस दिवसांत सह्या होतील, असं त्याने सांगितलं. कागद थाई भाषेत होते आणि प्रणितला थाई बोलता येई, वाचता येत नसे, हेही बोलता बोलता बाहेर पडलं. दाजी फक्त "बरं" म्हणाले. रंभाबाईंनी विचारलं, "मंग इकडं कदी येनार?" "घर झालं की बघू, आई," तो म्हणाला आणि कॉल संपला.

पाच वर्षांपूर्वी प्रणित दोन वर्षांसाठी म्हणून तिकडे गेला होता. दोनाची तीन झाली, तिनाची पाच. भाड्याचं घर आहे तोवर माणूस परत येऊ शकतो, असा दाजींचा हिशेब होता. विकतचं घर झालं की तो हिशेबच मोडला. पण 'परत ये' हे दोन शब्द दाजींनी पाच वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. त्यांना जागेबद्दल तासभर बोलता येई. मुलाबद्दल बोलायचं झालं की ते उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला जात.

त्या दिवशीही ते टाकी बघून आले. मग शर्ट बदलून पनवेलला ॲडव्होकेट प्राचीच्या ऑफिसात गेले.

"नोटीस काड," ते म्हणाले.

आपल्याकडे जागा घ्यायची तर आधी पेपरात जाहीर नोटीस द्यायची रीत आहे. अमुक जागा अमुक माणूस घेतोय, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत सांगा, नाहीतर पुढे तोंड उघडू नका. दाजींनी या रीतीशिवाय आयुष्यात साधी पडवीसुद्धा घेतली नव्हती.

"दाजीकाका," प्राची शांतपणे म्हणाली, "बँकॉकच्या फ्लॅटची नोटीस पनवेलच्या पेपरात देऊन काय होणार? थायलंडमध्ये कोण वाचणार?"

"घेनारा कुटला हाय?"

"कोन गावचा."

"मंग हरकत घेनारे बी इकडचेच असनार. तू काड."

गुरुवारी नोटीस छापून आली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे बँकॉक, देश थायलंड येथील सदनिका, सातवा मजला, ही आमच्या अशिलांचे चिरंजीव कायम खरेदी करीत आहेत. सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी, कूळ, वहिवाट अगर अन्य कोणताही हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे.' तालुका आणि जिल्हा या जागा प्राचीने नाइलाजाने कोऱ्या सोडल्या होत्या.

पहिली हरकत सकाळी साडेनऊलाच आली. निकेश नावाचा एक माणूस पनवेलमध्ये निघणाऱ्या प्रत्येक नोटिशीला हरकत घेत असे. तो त्याचा नेम होता. तो थेट ओट्यावर आला.

"दाजी, आपली हरकत हाय."

"नोटीस वाचलीस?"

"नाय. पन हरकत हाय. जागा कुटल्या सेक्टरला आली?"

"बँकॉक."

"नैना का सिडको?" जमिनीचं काहीही असो, ते या दोन सरकारी कचेऱ्यांपैकी एकीतच येतं, अशी निकेशची समजूत होती.

दाजींनी त्याला नकाशा काढून दाखवला. मग नियम सांगितला, की हरकत घेणाऱ्याला जागेवर पाहणीसाठी स्वतः हजर राहावं लागतं. निकेश विचारात पडला. थोड्या वेळाने म्हणाला, "चालेल. कदी निघायचा?"

दुसरी हरकत चुलतभाऊ आनंदाची. ती लेखी होती आणि तिला तीन पानं जोडलेली होती. ज्या जमिनीच्या पैशावर प्रणित शिकला ती जमीन एकेकाळी समाईक होती, सबब शिक्षण समाईक, नोकरी समाईक, आणि बँकॉकच्या फ्लॅटमध्ये आनंदाचा चार आणे हिस्सा. "मला पैसा नको, दाजी," आनंदा डोळे पुसत म्हणाला, "मला फक्त नाव लावून पायजे." तिसऱ्या दिवशी उरणहून दाजींची बहीण गंगाबाई टेम्पोतून उतरली, हातात सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी आणि तोंडावर भरती.

"दादा, तुज्या लेकाचा घर झाला, ते मी पेपरात वाचायचा?"

"अगं अजून झाला नाय."

"माजी हरकत लिवून घे."

"कसली?"

"बहिनीला इचारला नाय, ही हरकत. त्याच्यात वहिवाट नाय, पोटगी नाय. नुसती हरकत."

शनिवारपर्यंत पळस्प्याचे चौघं जण दाजी थायलंडला प्लॉट पाडतायत असं ऐकून बुकिंग करायला येऊन गेले. त्यातल्या एकाला रस्त्यालगतचा हवा होता.

इथवर सगळं पनवेल तालुक्यात होतं. पण नोटिशीचा फोटो मोबाइलवरून मनस्वीच्या आईकडे गेला, आईकडून मनस्वीकडे, आणि मनस्वी तो बघून जिथे खो-खो हसत होती तिथे नेमकी त्या फ्लॅटची थाई मालकीण बसलेली होती. तिने विचारलं, हे काय आहे? मनस्वीने हसत हसत खरं सांगितलं, की तुमच्या फ्लॅटवर कुणाचा हक्क आहे का, हे भारतातल्या वर्तमानपत्रात विचारलंय. मालकीण हसली नाही. बिचारीने आयुष्यात कुणाशी भांडण केलं नव्हतं, आणि तिचं घर परक्या देशात, परक्या लिपीत छापून आलं होतं.

"बाबा!" प्रणित फोनवर ओरडत होता. "ती सही करत नाही म्हणते! कुणाचीही हरकत नाही असं वकिलाचं लेखी पत्र आल्याशिवाय पुढं जायचंच नाही म्हणते! काय करून ठेवलंत तुम्ही?"

"म्हंजे बाई शहानी हाय," दाजी म्हणाले.

"बाबा, आता चौदा दिवसांची मुदत संपायच्या आत सगळ्या हरकती मिटवा. नाहीतर हे घर गेलं. मला परत असं घर मिळणार नाही."

दाजी कामाला लागले. काम आलं की ते अर्धवट करत नसत, मग ते आपल्या मनाविरुद्धचं का असेना. आनंदाला त्यांनी सांगितलं की नाव लावतो, पण नाव लागलं की इमारतीच्या मासिक देखभालीच्या खर्चातही चार आणे. आनंदाचं समाईकपण तिथेच संपलं. निकेशला कळवलं की पाहणी स्वखर्चाने. गंगाबाईला बसवून प्रणितला फोन लावून दिला, आणि त्याने "आत्या, घर घेऊ का?" एवढं विचारल्यावर तिने "घे की सोन्या, मला काय इचारतोस," म्हणत हरकत मागे घेतली आणि सोडे ठेवून गेली.

चौदाव्या दिवशी सकाळी दाजी आणि रंभाबाई प्राचीच्या ऑफिसात बसले होते. पत्र मराठीत आणि खाली इंग्रजीत टाईप होऊन तयार होतं. 'मुदतीत आलेल्या सर्व हरकतींचे निराकरण झाले असून आता एकही हरकत शिल्लक नाही.' प्राचीने आपली सही करून दाजींच्या सहीसाठी पेन पुढे केलं. मोबाइलवर प्रणित आणि मनस्वी वाट पाहत होते. दुपारी मालकिणीला कागद दाखवायचा होता.

दाजींनी पेन घेतलं. झाकण काढलं. परत लावलं.

"एक हरकत ऱ्हायलीय," ते म्हणाले.

"कुणाची?" प्राचीने फाईल चाळली. "निकेश, आनंदा, गंगाबाई. तीनच आहेत, काका."

"लिव. मी खाली सही करनार, राहनार मौजे कोन, लिहून देतो की, सदर सदनिका खरेदी झाल्यास माजा मुलगा तिकडचा कायमचा रहिवासी होईल, आन् हिकडं फकस्त पावना म्हनून येईल. सबब माजी हरकत हाय."

प्राचीचं बोट कळफलकावर थांबलं. "काका, नोटीस तुमची. हरकतही तुमचीच?"

"तमाम लोकांस म्हनलाय ना नोटिशीत? मी लोकांत नाय का?"

 मोबाइलवरून प्रणितचा आवाज आला, अगदी लहान. "बाबा, हे तुम्ही पाच वर्षांत कधी बोलला नाहीत."

"इचारला कोनी? नोटीस आता निघाली."

"तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, ये म्हणून. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

दाजींनी आजूबाजूला पाहिलं. प्राचीच्या ऑफिसात पाण्याची टाकी नव्हती. त्यांना बसूनच राहावं लागलं.

रंभाबाई आतापर्यंत पदराने फाइलीवरची धूळ पुसत होत्या. कॉल सुरू झाल्यापासून प्राचीने त्यांच्यासाठी टिश्यूचा डबा जवळ सरकवून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला केला आणि म्हणाल्या, "ही हरकत मुदतीत नाय."

"नाय कशी?" दाजी उसळले. "आज चौदावा दिस!"

"नोटिशीचा नाय म्हनत मी. तो इमानात बसला तवा घ्यायची व्हती. तवा तुमी गाडीतल्या बॅगा मोजत व्हतात. मुदत पाच वर्सामागंच सपली." मग त्या मोबाइलकडे वळल्या. "घे रं तू घर. पन दोन खोल्यांचा हाय का?"

"हो, आई. दुसरी तुमच्यासाठीच म्हणून बघितली."

"मंग हे पयलंच सांगायचा व्हता. नुसता सातवा मजला, एकोनपन्नास टक्के, काय काय सांगत बसलास."

दाजींनी पेन उलटसुलट फिरवलं. घसा खाकरला. "त्या खोलीला," ते म्हणाले, "खिडकी कुटल्या अंगाला हाय?"

"पूर्वेला, बाबा. नदी दिसते."

"पूर येतो का?"

"सातव्या मजल्यावर नाही येत, बाबा."

"बरं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी सही केली. सही झाल्यावर पेन तसंच धरून सहीच्या खाली, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात, त्यांनी एक ओळ लिहिली. प्राची म्हणाली, आता पत्र पुन्हा टाईप करावं लागेल. दाजी म्हणाले, करायचं नाही, असंच फोटो काढून पाठव.

दुपारी बँकॉकमध्ये मालकिणीने ते पत्र नीट पाहिलं. इंग्रजी मजकूर तिला पटला. मग तिने पेनाने लिहिलेल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनस्वीकडे पाहिलं. छापील अक्षर वकिलाचं, हे तिला कळत होतं. हे मात्र कुणा माणसाचं होतं.

मनस्वीने ओळ वाचली. 'माझी हरकत आहे, पण घ्या.' तिने प्रणितकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"सासऱ्यांनी आशीर्वाद लिहिलाय," मनस्वी म्हणाली.

मालकिणीने दोन्ही हात जोडले, मान लववली, आणि दाजींच्या हरकतीला नमस्कार केला.